रोग्याच्या उशाशी बसणारे माणूस

भारतातील कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या ओसरीवर रात्री दहानंतर फेरी मारली, तर एक दृश्य हटकून दिसते. भिंतीच्या कडेने सतरंज्या पसरून माणसे निजलेली असतात. उशाला कापडी पिशवी. पिशवीत जेवणाचा डबा, औषधाच्या चिठ्ठ्या, एखादे बदलायचे वस्त्र. मध्येच त्यांतील कोणी दचकून उठते, आत जाते, खाटेवरच्या माणसाला घोटभर पाणी पाजते, त्याची कूस बदलते, भांडे रिकामे करून आणते आणि पुन्हा येऊन आडवे होते. खाटेवरच्या रोग्याची नोंद चार ठिकाणी असते. त्याचे नाव, वय, धर्म, व्यवसाय, नाडी, ताप, सारे कागदावर उतरलेले असते. ओसरीवर निजलेल्या माणसाची नोंद कोठेच नसते. फार तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने दिलेला एक पास त्याच्या खिशात असतो, आणि त्या पासावरही बहुधा नाव रोग्याचेच असते.

रुग्णालय ही संस्था आपल्याकडे ज्या मार्गाने आली, त्या मार्गातच या विस्मरणाचे मूळ आहे. इंग्रजी अमदानीत आधुनिक रुग्णालयाचा नमुना प्रथम रुजला तो लष्करी छावण्यांतून. छावणीतला शिपाई घरापासून हजारो मैल दूर असे. त्याच्या उशाशी आई नव्हती, बायको नव्हती. त्याची सारी शुश्रूषा रुग्णालयानेच करायची, हे तेथे ओघानेच आले. हाच नमुना पुढे मुलकी रुग्णालयांना लागू झाला. भेटीची वेळ ठरली, घंटा आली, नातेवाइकांनी वेळ संपताच बाहेर जावे हा नियम आला. मात्र नियमाबरोबर यायला हव्या होत्या त्या परिचारिका आल्या नाहीत. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली जो अहवाल सादर केला, त्यात त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४३ हजार लोकसंख्येमागे एक परिचारिका पडत असल्याचे नमूद आहे. तेव्हा नियम भिंतीवर राहिला आणि काम नातेवाइकांकडे गेले. ही तडजोड इतकी जुनी आणि इतकी सोयीची होती, की तिच्याबद्दल कोणी काही लिहून ठेवावे असे कोणालाच वाटले नाही.

त्याच अहवालातील आणखी दोन आकडे येथे पाहण्यासारखे आहेत. देशात क्षयाचे रोगी सुमारे २५ लाख असावेत असा अंदाज समितीने दिला होता, आणि क्षयरोग्यांसाठी खाटा होत्या सुमारे सहा हजार. मनोरुग्णांसाठीच्या खाटा होत्या सुमारे दहा हजार, म्हणजे ४० हजार लोकांमागे एक. हे दोन रोग एकत्र घेण्यास कारण आहे. रोग्याला घरातून उचलून दूर नेलेच पाहिजे, असे वैद्यकशास्त्र आणि समाज दोघेही ज्यांच्याविषयी एकमुखाने म्हणत, ते हेच दोन रोग होत. क्षयी माणसाला डोंगरावरच्या मोकळ्या हवेत न्यावे, वेड्याला उंच भिंतीआड ठेवावे. रोग्याला घरापासून तोडणे हाच जेथे उपचाराचा पहिला भाग, तेथे घरच्या माणसाचे काम तरी काय उरणार? आणि गंमत अशी, की भारतातील आरोग्यसेवेला घरच्या माणसाचा पहिला शोध लागला तो याच दोन रोगांच्या वाटेने.

पहिली वाट अमृतसरची. फाळणीनंतर माणसांची, मालमत्तेची, कागदपत्रांची वाटणी झाली, तशी मनोरुग्णांचीही झाली. १९५० साली लाहोरच्या मनोरुग्णालयातून सुमारे साडेचारशे हिंदू व शीख रोगी अमृतसरला आणण्यात आले. सआदत हसन मंटो यांच्या 'टोबा टेकसिंग' या कथेमुळे हा प्रसंग साहित्यात अजरामर झाला आहे. कथा सरहद्दीवर थांबते. पण रुग्णालयाला तेथे थांबून चालत नव्हते. जागा अपुरी, माणसे अपुरी, आणि अंगावर निर्वासितांच्या दुःखाने पोळलेला सारा पंजाब. या रुग्णालयाचे अधीक्षक होते डॉ. विद्यासागर.

१९५० नंतरच्या दशकात त्यांनी जे केले ते दिसायला अगदी साधे होते. लष्कराकडून काही जुने तंबू त्यांनी मागून आणले आणि रुग्णालयाच्या आवारात ठोकले. रोग्याला दाखल करायला आलेल्या नातेवाइकांना ते सांगत, की याला येथे सोडून जाऊ नका, याच्याबरोबर तुम्हीही राहा. आई, बाप, भाऊ, बायको, जे कोणी आले असेल त्याने तंबूत रोग्यासह मुक्काम करावा, त्याला जेवू घालावे, त्याच्याजवळ निजावे, उपचार होताना पाहावे. संध्याकाळी सारी कुटुंबे एकत्र जमत आणि डॉक्टर त्यांच्यात बसून बोलत. रोग म्हणजे काय, तो भूतबाधेने किंवा पूर्वजन्मीच्या पापाने होत नाही, रोग्याशी कसे वागावे, घरी गेल्यावर काय सांभाळावे, हे ते पुराणांतल्या आणि लोककथांतल्या गोष्टी सांगत समजावून देत. पंजाबी शेतकऱ्याला हा सत्संगच वाटत असला पाहिजे.

परिणाम असा झाला, की जे रोगी पूर्वी वर्षानुवर्षे भिंतीआड पडून राहत, त्यांच्यासारखेच रोगी काही आठवड्यांत बरे होऊन आपल्या माणसांबरोबर परत जाऊ लागले. यात नव्या उपचारपद्धतींचा वाटा होता, हे खरे. तथापि तंबूतील एका गोष्टीचा वाटा त्याहून कमी नव्हता. ज्या आईने सहा आठवडे मुलाचे वेड जवळून पाहिले आणि ते ओसरतानाही पाहिले, तिला त्याची भीती उरली नाही. त्याला घरी न्यावे की नाही हा प्रश्नच तिच्यापुढे पडत नसे, कारण तो तिच्यापासून कधी दूर गेलेलाच नव्हता. शिवाय अशी माणसे गावी परतली म्हणजे दुसऱ्या घरातल्या अशाच दुखण्याबद्दल सल्ला देऊ लागत.

विद्यासागरांनी हे तत्त्व म्हणून आरंभिले, की जागेच्या टंचाईतून त्यांना ते सुचले, याचा काथ्याकूट करण्याचे कारण नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. टंचाई सर्वत्रच होती. तंबू मात्र अमृतसरलाच उभे राहिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाने १९५७ साली बागायम येथे मानसिक आरोग्यकेंद्र सुरू केले, तेव्हा तेथेही रोग्याबरोबर घरचे माणूस राहील ही व्यवस्था ठेवण्यात आली. कालांतराने बंगलोरच्या संस्थेतही कौटुंबिक कक्ष आले. त्याच काळात पाश्चात्त्य देशांत मोठमोठ्या मनोरुग्णालयांचे दरवाजे हळूहळू उघडत होते. परंतु कुटुंबच्या कुटुंब रुग्णालयात राहायला आणण्याची ही कल्पना या मातीतली होती, आणि परदेशी तज्ज्ञ ती पाहून अचंबित होत.

दुसरी वाट मद्रासची. ती अधिक शिस्तीची होती आणि तिचे परिणामही अधिक दूरवर पोचले. १९५६ साली मद्रास शहरात क्षयावरील औषधोपचारांच्या संशोधनाचे एक केंद्र उघडण्यात आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांचा हा संयुक्त उद्योग होता, आणि त्याची धुरा प्रथम डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे होती. आयसोनियाझिड आणि पी.ए.एस. ही औषधे आता हाती आली होती. प्रश्न असा होता, की ही औषधे घेण्यासाठी रोग्याने आरोग्यधामात जाऊन पडणे आवश्यक आहे काय? आवश्यक असेल, तर भारताला लाखो खाटा उभाराव्या लागतील आणि ते तर अशक्य. आवश्यक नसेल, तर साराच हिशेब बदलेल.

मद्रासच्या गरीब वस्त्यांतील १९३ रोगी निवडण्यात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. ९६ जणांवर घरी उपचार करायचे, ९७ जणांना आरोग्यधामात पाठवायचे. औषधे दोघांनाही तीच, आणि तीही वर्षभर. आरोग्यधामातील रोग्याला विश्रांती, मोकळी हवा आणि चांगला आहार मिळे. घरच्या रोग्याला मिळे ती एक खोली, तीत राहणारी पाच-सात माणसे, आणि जे असेल ते अन्न. वर्षअखेर आरोग्यधामातील शंभरांपैकी सुमारे ९२ रोग्यांत रोग शमलेला आढळला, तर घरच्या रोग्यांत हे प्रमाण शंभरास सुमारे ८६ भरले. जवळजवळ बरोबरीच म्हणायची. आणखी एक भीती होती, ती घरातील इतरांना रोग लागण्याची. तिचाही कसून तपास झाला. रोग्याच्या सहवासात राहणाऱ्या माणसांना, म्हणजे वैद्यकाच्या परिभाषेत सहवासितांना, घरी उपचार केल्यामुळे अधिक प्रमाणात क्षय होत नाही, असे दिसून आले. १९५९ साली हा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला आणि जगभर क्षयाच्या उपचाराची दिशा पालटली. त्याच वर्षी बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली आणि १९६२ पासून जिल्हावार क्षयनियंत्रणाचा जो कार्यक्रम देशात सुरू झाला, त्याचा पाया हाच होता.

भारतीय संशोधनाच्या इतिहासात याहून मोठे यश थोडेच सापडेल. तरीही या प्रयोगाकडे दुसऱ्या बाजूने पाहणे अगत्याचे आहे. रोग्याने गोळ्या गिळल्या की नाहीत, हे पाहण्यासाठी आरोग्यसेविका घरोघर जात, अचानक भेटी देऊन गोळ्या मोजत, लघवी तपासत. ही चोख व्यवस्था होती. परंतु दोन भेटींच्या मधल्या दिवसांत पी.ए.एस.च्या त्या ओकारी आणणाऱ्या मोठाल्या मात्रा रोग्याच्या गळी कोण उतरवीत होते? थुंकीचे भांडे कोण जाळत, उकळत होते? वर्षभर रोगी कामावर नसता चूल कोण पेटती ठेवीत होते, आणि आपल्या वाटचे दूध, अंडे रोग्याकडे कोण सरकवीत होते? खाट आरोग्यधामातून उचलून झोपडीत ठेवण्यात आली, तेव्हा खाटेबरोबरचे कामही झोपडीत आले. घरचे माणूस या प्रयोगाच्या तक्त्यांत नाही असे नव्हे; ते आहे. पण ते आहे सहवासित म्हणून, ज्याला रोग लागला की नाही हे पाहायचे असा एक संभाव्य रोगी म्हणून. तो शुश्रूषा करीत होता, आणि प्रयोगाचे निम्मे यश त्याच्या हातून घडत होते, ही गोष्ट निष्कर्षाच्या तराजूत कोणी घातली नाही. शास्त्रज्ञांना याचा दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढचा प्रश्न रोग्यांचे प्राण वाचवण्याचा होता. दोष असेल तर तो पुढच्या कारभाराचा. खाटांचा खर्च वाचला हे त्याने तत्परतेने नोंदले, आणि तो खर्च कोणी सोसला हे विचारण्याचे त्याला सुचले नाही.

हे विचारले गेले ते जवळजवळ बावीस वर्षांनी, बंगलोरला. १९७४ साली तेथील अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि मनोरुग्णालय एकत्र करून राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था बनवण्यात आली होती. तेथे शैला पै आणि रवि कपूर यांनी १९८१ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मनोरुग्णाला सांभाळणाऱ्या कुटुंबावर किती भार पडतो हे मोजण्याचे ते साधन होते. तिचे विभाग असे होते: पैशाची ओढाताण, घरच्या नित्यक्रमातील मोडतोड, विरंगुळ्याचा लोप, आपसांतील संबंधांवरचा ताण, घरातील इतरांच्या शरीरप्रकृतीवरचा परिणाम आणि त्यांच्या मनःस्थितीवरचा परिणाम. प्रश्न अगदी घरगुती होते. कोणाची नोकरी सुटली काय, कर्ज काढावे लागले काय, मुलांची शाळा बुडाली काय, घरी पाहुणे येईनासे झाले काय. ओसरीवर निजलेल्या माणसाला उद्देशून सरकारी संस्थेने विचारलेले, भारतीय घराच्या मापाने बेतलेले हे पहिले पद्धतशीर प्रश्न म्हणता येतील.

याच अभ्यासकांनी पुढे एक तौलनिक प्रयोगही केला. प्रथमच गंभीर मनोविकाराने ग्रासलेल्या रोग्यांचा एक गट रुग्णालयात ठेवला आणि दुसरा घरीच ठेवला. घरच्या गटाकडे एक प्रशिक्षित परिचारिका नियमाने जाई, औषधे पाही, घरच्यांशी बोले, त्यांना समजावी. म्हणजे मद्रासचाच प्रश्न पुन्हा विचारला गेला होता. या वेळी मात्र तक्त्यात एक रकाना वाढला होता. घरी राहिलेले रोगी तर सुधारलेच, शिवाय त्यांच्या कुटुंबांवरील भारही रुग्णालयाच्या गटापेक्षा कमी झालेला आढळला. रोगी घरी असताना घरच्यांचा भार हलका व्हावा, हे वरवर पाहता उलटेच वाटते. त्याचे इंगित परिचारिकेत आहे. रोग्याला घरी ठेवणे आणि घरावर टाकून देणे या दोहोंतले अंतर त्या बाईच्या फेऱ्यांनी भरून काढले होते. एका परिचारिकेच्या पगारात हे साधले, हे खर्चाच्या दृष्टीने पाहणाऱ्यांनी तरी ध्यानात घ्यायला हवे होते. ते घेतले गेले असे तेव्हा दिसले नाही.

ते घेतले गेले ते केरळात, आणि वेगळ्याच रोगाच्या निमित्ताने. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रोग्यांसाठी देशातील पहिले सेवासदन मुंबईत वांद्र्याला १९८६ साली उघडले. शांती आवेदना सदन हे त्याचे नाव. तेथील सेवेची महती निर्विवाद आहे. परंतु काही डझन खाटांचे सदन देशाला कोठवर पुरणार? १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची एक संस्था सुरू केली, तेव्हा त्यांनी सदन बांधले नाही. रोगी घरीच राहील असे धरून त्यांनी व्यवस्था आखली.

यात मोठी अडचण होती ती मॉर्फिनची. १९८५ च्या अमली पदार्थांविषयीच्या कायद्यानंतर परवान्यांचे असे जंजाळ उभे राहिले, की ज्या देशात सरकारी देखरेखीखाली अफू पिकते आणि जगाला पुरवली जाते, त्याच देशात वेदनेने तळमळणाऱ्याला मॉर्फिन मिळेनासे झाले. १९८५ साली वर्षाला ७१६ किलोग्रॅम असलेला त्याचा वापर १९९७ साली १८ किलोग्रॅमवर आला. कायद्याच्या मागे जी शंका होती ती अशी, की हे औषध घराघरांत गेले तर पाय फुटून भलत्याच ठिकाणी पोचेल. अर्थात ही शंका होती घरच्या माणसाविषयीच, कारण बाटली त्याच्याच ताब्यात असणार. कालिकतच्या संस्थेने तोंडाने घ्यायचे मॉर्फिन रोग्यांच्या घरी दिले आणि त्याचा काटेकोर हिशेब ठेवला. दोन वर्षांत १,७२३ रोगी, बहुतेक सारे घरीच राहणारे. आणि औषधाला पाय फुटल्याचे एकही उदाहरण नाही. हे २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. अशिक्षित शेतमजुराची बायको मॉर्फिनच्या मात्रा घड्याळ पाहून देते आणि उरलेले औषध परत आणून देते, ही गोष्ट आता आकड्यांनिशी सिद्ध झाली होती. संसदेला कायदा सैल करण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

दरम्यान १९९९ पासून मलप्पुरम आणि कोळिकोड या भागांत शेजारधर्मावर आधारलेले एक जाळे विणले जात होते. आठवड्यातून एखाददोन तास देऊ शकेल अशा कोणालाही, मग तो रिक्षावाला असो, विद्यार्थी असो की निवृत्त मास्तर असो, सोळा तासांचे शिक्षण आणि अनुभवी माणसाबरोबर प्रत्यक्ष कामाचा थोडा सराव देऊन घरभेटींना पाठवत. मलप्पुरमच्या घराघरांतील तरुण आखातात नोकरीला गेलेले. मागे म्हातारी माणसे आणि त्यांना सांभाळणाऱ्या सुना. अंथरुणाला खिळलेला सासरा आणि दिवसभर त्याच्याजवळ अडकलेली सून, अशी घरे गल्लोगल्ली होती. स्वयंसेवक जात ते रोग्यासाठी. पण त्यांना लवकरच कळून चुकले, की रोग्याच्या जखमेइतकेच सुनेच्या थकव्याकडेही पाहिल्याशिवाय काम पुरे होत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलावी, नळीतून अन्न कसे द्यावे, जखम कशी धुवावी, हे तिला शिकवले जाई. आणि तिला तासभर बाहेर जाऊ द्यावे म्हणून कोणी रोग्याजवळ बसूनही राही.

२००८ च्या एप्रिलमध्ये केरळ सरकारने या सेवेचे धोरण जाहीर केले आणि हळूहळू तिचा भार ग्रामपंचायतींवर व प्राथमिक आरोग्यकेंद्रांवर सोपवला. पंचायतीने आपल्या पैशातून परिचारिका नेमायची, वाहन द्यायचे, आशा कार्यकर्तीने आणि स्वयंसेवकांनी वॉर्डातील अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करायची, आणि परिचारिकेने ठरल्या वाराला त्या घरी जायचे. घरी शुश्रूषा करणारे मुख्य माणूस कोण, हे तिला विचारावेच लागते. कारण तिच्या माघारी सारे काम त्याच्यावरच असते. अशा रीतीने ओसरीवरच्या माणसाचे नाव एकदाचे सरकारी कागदावर चढले. त्यापुढचे पाऊल म्हणजे 'आश्वासकिरणम्' ही योजना. रोग्याला सांभाळण्यासाठी पूर्ण वेळ गुंतल्याने ज्याला दुसरा रोजगार करता येत नाही, अशा घरच्या शुश्रूषकाला महिन्याला काही रक्कम द्यायची. ही रक्कम वाढत वाढत ६०० रुपयांवर आली. एका महिन्याच्या अहोरात्र कष्टांचे मोल म्हणून ती हास्यास्पदच आहे, आणि तीही वेळेवर पोचत नसल्याच्या तक्रारी केरळात वारंवार झाल्या. पण दरखास्त करताना त्या बाईने रोग्याच्या नावापुढे आपले नाव लिहिले, हाताखाली सही केली आणि डॉक्टरने तिला दाखला दिला. तिची शुश्रूषा हे काम आहे, असे मान्य करणारा हा दाखला होता.

देशाच्या कायद्यात हा शब्द यायला आणखी काही वर्षे गेली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने आणि मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या कायद्याने शुश्रूषा करणाऱ्याची व्याख्या केली, आणि ती करताना तो मोबदला घेवो वा न घेवो, दोघांनाही तीत सामावून घेतले. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या जुन्या कायद्यात नातेवाईक भेटतो तो अर्जदार म्हणून, रोग्याला आत पाठवण्याची मागणी करणारा. शंभर वर्षांनी तो त्याला सांभाळणारा म्हणून कायद्यात आला. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शिकेत तर, उपकेंद्रातील कर्मचाऱ्याने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जावे आणि त्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबीयांना शिक्षण द्यावे, असे स्पष्टच लिहिले आहे. मार्गदर्शिकेतील ही एक ओळ आहे. ज्या सेविकेने ती अमलात आणायची, तिच्या दिवसभराच्या कामांची यादी त्या ओळीहून पुष्कळ लांब आहे, आणि केरळबाहेर बहुतेक ठिकाणी ही ओळ अजून ओळच राहिली आहे.

घरच्या शुश्रूषेला लागणारा वेळ मात्र आता मोजला गेला आहे. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर केलेल्या वेळ-विनियोगाच्या पाहणीत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शंभरी २७.६ जणी घरातील माणसांची विनामोबदला देखभाल करण्यात गुंतलेल्या आढळल्या, आणि अशा प्रत्येकीचा दिवसाचा सरासरी वेळ भरला १३४ मिनिटे. पुरुषांत हे प्रमाण शंभरी १४ आणि वेळ ७६ मिनिटे. यात मुलांचे संगोपनही धरलेले आहे. पण आजाऱ्याचे करणारी आणि मुलाचे करणारी बाई बहुधा एकच असते.

मद्रासच्या त्या सहवासिताची कहाणी मात्र येथे संपत नाही. १९५९ च्या अहवालात ज्याला रोग लागतो की नाही हे पाहिले गेले, त्याच माणसाकडे साठ वर्षांनी झारखंडात काही वैद्य पुन्हा वळले. २०१९ ते २०२२ या काळात त्या राज्याच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० क्षयरोग्यांच्या घरांतील १०,३४५ सहवासितांवर लक्ष ठेवले. रोग्यांना तर शिधा दिलाच. पण निम्म्या भागांत घरातील प्रत्येक मोठ्या माणसालाही महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. आजाऱ्याला वाढून झाल्यावर जे उरेल ते खाणाऱ्या माणसाच्या ताटात प्रथमच त्याच्या स्वतःच्या नावाचे अन्न पडले. ज्या घरांना हा शिधा मिळाला त्यांच्यात नव्या क्षयाचे प्रमाण इतर घरांच्या मानाने सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने क्षयरोग्यांना देण्यात येणारी शिध्याची टोपली त्यांच्या घरच्यांनाही लागू करण्याचे जाहीर केले.